मलाही दादासारखं होईल का?

ज्या घरात स्किझोफ्रेनियाचा (भास आणि संशय होणारा मानसिक आजार) पेशंट असतो तिथली भावंडं हा प्रश्न मनात घेऊनच माझ्याकडे येतात, पण सरळ विचारत कुणी नाही. हा 23 वर्षांचा मुलगा पण झोप लागत नाही म्हणून आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत).

तिसऱ्या सेशनला त्याने मोबाईलवर एक रेकॉर्डिंग लावलं. नुसती पंख्याची घरघर. म्हणाला, रात्री कुणी नावाने हाक मारल्यासारखं वाटतं, म्हणून रोज रेकॉर्डिंग लावून झोपतो आणि सकाळी ऐकून बघतो, हाक खरी होती की डोक्यातली. मला गलबलूनच आलं.

मोठा भाऊ 5 वर्षांपासून आजारी. भिंतीतून कुणीतरी ऐकतंय म्हणून स्विचबोर्डावर चिकटपट्ट्या लावतो, गोळी जिभेखाली धरून नंतर थुंकतो. हा त्या पट्ट्या ओरबाडून काढायचा, भांडायचा, मग स्वतःच रडत बसायचा. एकदा मनात आलं की दादा गेला तर सगळेच सुटू, आणि तेव्हापासून स्वतःची शिसारी. मी म्हटलं, अरे हा विचार खूप भावंडांना येतो, दमलेल्या मनाला येतो, त्याने तुझी माया खोटी ठरत नाही.

मग आकडे सांगितले, कारण मोघम धीर देऊन भीती जात नाही. हा आजार साधारण 100 त एकाला होतो, सख्ख्या भावंडाला असेल तर 100 त 9 च्या आसपास, म्हणजे रिस्क वाढते हे खरं पण 90 जणांना होत नाही. गांजापासून मात्र लांबच राहायचं. आणि झोप लागता लागता हाक ऐकू येणं धडधाकट माणसांनाही होतं, पण जागेपणी आवाज यायला लागले, संशय वाढला तर न लपवता लगेच सायकियाट्रिस्टकडे जायचं. दादाच्या गोळ्यांचं पण त्याच्या डॉक्टरांना सांग म्हटलं, गोळ्यांऐवजी महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं पण असतात. आणि भ्रमावर वाद घालू नकोस, हो ला हो पण करू नकोस, त्याची भीती तेवढी ओळख.

परवा सांगत होता, दादा रात्री स्टुलावर चढून पट्टी लावत होता, मी स्टूल धरून उभा राहिलो. दादाने विचारलं, तुला पण ऐकू येतं का रे? म्हटलं, मला नाही येत, पण तुला भीती वाटतेय ते कळतंय. दादा खाली उतरला, थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, जा, झोप तू आता.