वडील वारल्यावर आईची फॅमिली पेन्शन सुरू करायला पुण्यात नक्की कुठे जायचं? बँक म्हणते ट्रेझरीत जा, ट्रेझरी म्हणते बँकेत जा.

तुम्ही लिहिलंय की बाबा जलसंपदा खात्यातून २०१७ ला निवृत्त झाले, ६६व्या वर्षी गेले, खातं आईंबरोबर जॉइंट आहे आणि बँकेतल्या माणसाने 'हे खातं बंद करून नवीन उघडा' असं सांगितलंय. वाईट वाटलं वाचून. अशा दिवसांत घरच्यांना दोन खिडक्यांमध्ये फिरायला लागू नये, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे, खातं बंद करू नका. जॉइंट खात्यात आईंचं नाव आहेच, त्यांची फॅमिली पेन्शन त्याच खात्यात येऊ शकते. बाबांचं नाव कमी करण्याचा अर्ज बँकेला जरूर द्या, पण खाते क्रमांक तोच राहू द्या. नवीन क्रमांक म्हणजे ट्रेझरीत पुन्हा बदल नोंदवणं आणि आणखी एक-दोन महिने. बाबांचं सिम कार्डही एवढ्यात बंद करू नका. खात्याला तोच नंबर जोडलेला असेल तर सगळे ओटीपी तिथेच येणार. आधी बँकेत आणि आईंच्या आधारला त्यांचा स्वतःचा नंबर लावा, मग सिमचं बघा.

आता घरातली पेन्शनची फाइल काढा आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा मूळ आदेश, नीट वाचा. कुठल्या खिडकीवर जायचं ते त्यावर ठरतं. दोन गोष्टी बघायच्या: पेन्शन कोण देतं, आणि 'कुटुंब निवृत्तिवेतन' या रकान्यात आईंचं नाव, जन्मतारीख आणि रक्कम आहे का. तुमच्या बाबांची पेन्शन राज्य शासनाची, म्हणजे मंजुरी मुंबईच्या महालेखापालांची (सरकारी हिशेब तपासणारं कार्यालय) आणि पैसे देणारं पुणे जिल्हा कोषागार, म्हणजेच ट्रेझरी. आईंचं नाव पीपीओवर असेल तर कुठूनही नवीन मंजुरी आणायची नाही, ट्रेझरीच पेन्शन सुरू करते. बँकेकडे फक्त मृत्यूची सूचना आणि नाव कमी करण्याचा अर्ज. नाव नसेल, किंवा दुसरं लग्न वगैरे असेल, तर मात्र बाबांच्या शेवटच्या कार्यालयामार्फत प्रस्ताव महालेखापालांकडे जातो, आणि त्याला वेळ लागतो.

ट्रेझरी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात आहे. सोबत न्या: आईंच्या सहीचा अर्ज, मूळ पीपीओ, मृत्यू दाखला, पासबुकच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, आईंचे आधार आणि पॅन, त्यांचे फोटो, आणि जन्मतारखेचा पुरावा. निवृत्तीच्या वेळी काढलेला दोघांचा एकत्र फोटो सापडला तर तोही घ्या. जन्मतारखेचा पुरावा लोक हमखास विसरतात. ती तारीख नोंदलेली नसेल तर ८० वर्षं पूर्ण झाल्यावर मिळणारी वाढ अडकते, आणि त्या वयात कागद शोधत फिरणं फार जड जातं. आत्ताच नोंदवून घ्या. पीपीओ सापडत नसेल तर घाबरू नका, त्याची एक प्रत ट्रेझरीकडे असते. पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवल्याची नोंद करा, तिची प्रिंट अर्जाला जोडा.

मृत्यू दाखला मृत्यू जिथे झाला तिथला मिळतो, राहत्या पत्त्याचा नाही. कोथरूडच्या माणसाचा मृत्यू चिंचवडच्या हॉस्पिटलात झाला असेल तर दाखला पिंपरी-चिंचवड महापालिकेचा. आठ-दहा प्रती एकदमच काढा. घेताना नावातलं अक्षर न् अक्षर पीपीओशी ताडून बघा.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते नावावर, आणि आपल्याकडे त्याचं कारण ठरलेलं आहे. लग्नात नाव बदललेलं असतं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पीपीओवर सासरचं, आधारवर घरात हाक मारतात ते, पॅनवर मधलं नाव गायब. विवाह प्रमाणपत्र असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. नसेल तर 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र, आणि जमल्यास राजपत्रातली नावबदलाची नोंद. बँक, पॅन आणि आधार पीपीओवरच्या नावाला जुळवून घ्या, उलट करू नका. पीपीओ दुरुस्त करणं सगळ्यात लांबचं काम आहे.

शिवाजीनगर कोर्टातून वारस दाखला आणा असं कोणी सांगितलं तर आधी विचारा की कशासाठी. पीपीओवर नाव असलेल्या पत्नीला फॅमिली पेन्शनसाठी तो लागत नाही. बाबांच्या हयातीतली काही थकबाकी राहिली असेल, जसं की महागाई वाढीचा फरक, आणि त्यासाठी नामनिर्देशन केलेलं नसेल, तर तेव्हा वारसाचा प्रश्न येतो. त्यापायी आईंची दरमहाची पेन्शन थांबवू नका. हे दोन वेगळे अर्ज आहेत.

रकमेचं गणित असं. मृत्यूच्या दिवसापर्यंत बाबांची पेन्शन, दुसऱ्या दिवसापासून आईंची. फॅमिली पेन्शनचा सुरुवातीचा वाढीव दर बाबांच्या वयाच्या ६५ वर्षांपर्यंतच असतो, म्हणून तुमच्याकडे साधा दर: शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के, अधिक महागाई वाढ. समजा शेवटचं मूळ वेतन ५०,००० होतं. बाबांची पेन्शन २५,०००, त्यातलं ४० टक्के अंशराशीकरण केलं असेल, म्हणजे तेवढ्या पेन्शनच्या बदल्यात निवृत्तीच्या वेळी एकरकमी पैसे घेतले असतील, तर १०,००० वजा होऊन हातात मूळ १५,०००. आईंची फॅमिली पेन्शनही १५,०००, आणि तिच्यातून अंशराशीकरणाची एक पैसाही कपात होत नाही. कपात दिसली तर ती चूक आहे, लगेच लेखी कळवा. महागाई वाढ मात्र आता २५,००० ऐवजी १५,००० वर मोजली जाईल, त्यामुळे एकूण आकडा उतरलेला दिसेल.

मृत्यूची सूचना उशिरा गेली तर बाबांची पूर्ण पेन्शन जमा होत राहते. ते पैसे एटीएमने काढू नका. ते परत जातात किंवा आईंच्या थकबाकीतून वळते होतात, आणि खात्यात शिल्लक नसेल तर मोठा घोळ होतो.

नोव्हेंबरमध्ये आता हयातीचा दाखला आईंचा. मोबाईलवरून 'जीवन प्रमाण', म्हणजे ऑनलाइन हयातीचा दाखला, करताना पेन्शनचा प्रकार 'फॅमिली' निवडा, सवयीने 'सर्व्हिस' टाकल्यास दाखला नाकारला जातो. बोटांचे ठसे उमटत नसतील तर चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे.

आयकरात फॅमिली पेन्शन पगारात धरत नाहीत, 'इतर उत्पन्नात' धरतात. एक तृतीयांश किंवा ठरलेली मर्यादा, यांपैकी कमी असेल तेवढी वजावट मिळते. ही मर्यादा जुन्या पद्धतीत १५,००० आणि नव्या पद्धतीत २५,००० आहे. बाबांचं मृत्यूपर्यंतचं आयकर विवरणपत्र भरायचं असेल तर ते वारस म्हणून तुम्हाला भरावं लागेल.

ज्यांचे वडील कंपनीत होते आणि ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफ कार्यालयाच्या योजनेतली, पेन्शन घेत होते, त्यांचा ट्रेझरीशी संबंध नाही. त्यांनी १०-डी फॉर्म घेऊन पीएफ कार्यालयात जायचं, गोळीबार मैदानाजवळचं की आकुर्डीचं ते कंपनीवर ठरतं. पत्नीला सभासदाच्या पेन्शनच्या निम्मी मिळते, किमान १,००० रुपये. खडकी-देहूरोडच्या संरक्षण कारखान्यांतले आणि लष्करातले पेन्शनर बहुतेक आता 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर आहेत, तिथे मृत्यूची नोंद करण्यापासून सुरुवात होते.

अर्ज नेहमी दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. महिनाभरात हालचाल दिसली नाही तर तोच आवक क्रमांक टाकून कोषागार अधिकाऱ्यांना लेखी स्मरणपत्र द्या. तरीही उत्तर आलं नाही तर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात विचारा, की अर्ज आज कोणाच्या टेबलावर आहे.