सोम्यूर : शस्त्रबंदीची मागणी झाल्यावरही विद्यार्थी का लढले?

तुमचे प्रश्न दोन आहेत. १७ जून १९४० ला फ्रान्सचे नवे पंतप्रधान पेतँ यांनी रेडिओवरून जर्मनांशी लढाई थांबवायला हवी असं सांगितल्यावरही फ्रान्समधल्या सोम्यूर गावच्या लष्करी घोडदळ-शाळेचे विद्यार्थी का लढले? आणि हाती एकच दिवस असेल तर तिथे काय पाहावं?

पहिल्याचं उत्तर तारखांमध्ये आहे. पेतँ १७ तारखेला बोलले, पण जर्मनीशी शस्त्रबंदीच्या करारावर सह्या झाल्या २२ तारखेला. मधले पाच दिवस युद्ध कायद्याने चालूच होतं. शाळेचे प्रमुख कर्नल मिशों यांनी ल्वार नदीवर उभं राहायचं ठरवलं. हाती होते सुमारे ८०० विद्यार्थी, त्यांचे शिक्षक, सँ-मेक्साँच्या पायदळ-शाळेचे विद्यार्थी, अल्जेरियन रायफलधारी आणि माघारीत मागे राहिलेल्या तुकड्या. सगळे मिळून जेमतेम अडीच हजार. राखायचा काठ जेनपासून मोंसोरोपर्यंत साधारण ४० किलोमीटर, म्हणजे १६ मीटरला एक माणूस, आणि तोही सरावाच्या शस्त्रांनिशी.

'घोडदळ-शाळा' म्हटल्यावर लोकांना घोड्यावरचे पोरगे दिसतात. प्रत्यक्षात घोडे होते ते समोरच्यांकडे. चालून आलेली १ली कॅव्हलरी डिव्हिजन ही तेव्हाची जर्मनांची एकमेव घोडेस्वार डिव्हिजन! शिवाय हे 'पोरगे' म्हणजे राखीव दलाचे होऊ घातलेले अधिकारी होते.

१८-१९ जूनच्या रात्री पूल उडवायला सुरुवात झाली. पूल उडवला की गाड्या आणि तोफा अडतात, रबरी होड्यांतून येणारं पायदळ अडत नाही. त्यात नदीच्या मध्ये बेटं. जेनसमोरच्या बेटावर लेफ्टनंट देप्ला यांची तुकडी होती, देप्ला तिथेच मारले गेले. एवढ्या विरळ रांगेमागे राखीव फौज कुठून असणार? एके ठिकाणी शत्रू उतरला की तिकडे धाडायला माणूसच नाही. २० तारखेला दक्षिण काठावरच्या ओनी शेतवाडीपाशी प्रतिहल्ला झाला, तोही फसला आणि माघार घ्यावी लागली. माझ्या मते ही लढाई जिंकण्यासाठी नव्हतीच. तिने जर्मनांना दोन दिवस खोळंबवलं, त्याहून जास्त मोठं करून सांगू नये.

आता पाहायचं काय. रेल्वे स्टेशन उत्तर काठावर आहे, म्हणजे जर्मन आले त्याच बाजूला. टॅक्सी करू नका. चालत निघालात की आधी एक पूल, मग ऑफार बेट, मग दुसरा पूल आणि पलीकडे जुनं गाव. पहिल्या पुलाला आता कॅडेट्सचंच, म्हणजे या विद्यार्थ्यांचंच, नाव आहे. उंच काठावरचा किल्ला पाठीमागे ठेवून नदीकडे बघितलंत की बचाव करणाऱ्यांची अडचण नकाशाशिवाय कळते.

रणगाडा संग्रहालयाला अर्धा दिवस द्या. तिथला टायगर-२ हा जर्मन रणगाडा अजून स्वतःच्या इंजिनावर चालतो. घोडदळाचं संग्रहालय वेगळं आहे, गावातल्या जुन्या तबेल्यांत. बरेच जण दोन्हींची गल्लत करतात, पत्ता नीट बघा.

गावाजवळच्या रेल्वे बोगद्याला मात्र विसरू नका. ८-९ जून १९४४ च्या रात्री ब्रिटिशांनी साडेपाच टनांच्या आसपास वजनाचा टॉलबॉय बॉम्ब पहिल्यांदा इथेच वापरला. दोस्तांच्या फौजा उतरल्या होत्या त्या नॉर्मंडीकडे निघणाऱ्या जर्मन रणगाड्यांची वाट तोडायची होती. एक बॉम्ब तर टेकडी भेदून थेट बोगद्यात फुटला.

गाडी असेल तर जेनला जा, नदीच्या खालच्या अंगाला १५ किलोमीटर. वर सँ-तझेबच्या पडक्या चर्चपाशी कॅडेट्सच्या कबरी आहेत, आणि तिथून देप्ला लढले ते बेट स्पष्ट दिसतं.