‘२३ हजार लिंगांची बुरशी’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: ‘शिझोफायलम कम्यून या कवकात २३ हजारांहून अधिक लिंगे असतात’ असे वाक्य वाचनात आले. इथे ‘लिंग’ हा शब्द योग्य आहे का? नसेल, तर कोणता वापरावा?

माझ्या मते योग्य नाही. ‘मिलनप्रकार’ म्हणावे. (‘मि’ ऱ्हस्वच हवा, संस्कृतात दीर्घ ‘मीलन’ म्हणजे मिटणे, जसे ‘निमीलन’.)

जीवशास्त्रात लिंग ठरते ते युग्मकाच्या, म्हणजे प्रजननपेशीच्या, आकारावरून. मोठे युग्मक देते ती मादी, छोटे देतो तो नर. मिलनप्रकार ही निराळीच गोष्ट आहे. कोणाशी जुळायचे आणि कोणाशी नाही, हे ठरवणारी ती जनुकीय ओळख. या दोन गोष्टी एक नाहीत हे पाहायचे असेल, तर न्यूरोस्पोरा क्रासा ही बुरशी बघावी. हिचे मिलनप्रकार दोनच. तंतूंच्या जाळ्यात आधी एक गाठीसारखी मादी-रचना तयार होते. तिच्यातून एक बारीक तंतू बाहेर येतो, दुसऱ्या प्रकाराच्या बीजाणूकडून येणाऱ्या रासायनिक संकेताच्या रोखाने वळत वाढतो, त्याला भिडतो आणि त्यातले केंद्रक आत घेतो. इथे बीजाणूने नराचे काम केले. पण हीच बुरशी स्वतःही तसेच बीजाणू तयार करते! म्हणजे प्रत्येक प्रकाराकडे मादीपण आणि नरपण दोन्ही आहे, तरी स्वतःशी तिचे जुळत नाही. मिलनप्रकाराला ‘लिंग’ म्हटले, तर हे वाक्य मराठीत लिहिताच येणार नाही.

१९०४ मध्ये ब्लेकस्ली या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला म्यूकरच्या कुळातल्या बुरशांत असे दोन प्रकार सापडले. दिसायला दोन्ही सारखेच. त्याने त्यांना नर-मादी न म्हणता धन आणि ऋण अशी चिन्हे दिली, ती आजही वापरात आहेत. मला ही निवड फार मोलाची वाटते.

आता २३ हजारांचे. शिझोफायलममध्ये ही ओळख जनुकसंचातल्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेली असते आणि प्रत्येक ठिकाणाचे पुष्कळ पर्याय आहेत. पर्यायांचा गुणाकार होतो, म्हणून आकडा एवढा फुगतो. पूर्ण जुळण्यासाठी दोन्ही ठिकाणी फरक लागतो. त्यामुळे एकाच अळंबीच्या छत्रीतून पडलेल्या बीजाणूंत चारातली एकच जोडी जुळते, परक्याशी मात्र जवळजवळ नेहमीच जुळते. ‘लिंगे’ वाचले की डोळ्यांसमोर २३ हजार तऱ्हेची शरीरे उभी राहतात. प्रत्यक्षात शरीरात काहीच फरक नसतो.

कोणी म्हणेल, ‘लिंग’ म्हणजे मुळात खूण, आणि मिलनप्रकार ही खूणच तर आहे. व्युत्पत्ती खरी आहे. पण आजचा वाचक नर-मादीच समजतो, आणि शब्द त्याच्यासाठी असतो.

मग ‘लैंगिक प्रजनन’ही सोडायचे का? नाही. तो शब्द रुळला आहे आणि त्याचा अर्थ पक्का आहे: केंद्रकांचे मीलन नव्हे, ‘मिलन’, आणि मग अर्धसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे विभाजन. त्याला दोन प्रकार लागतातच असेही नाही. क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स या रोगकारक किण्वात (यीस्टमध्ये) एकाच प्रकाराच्या पेशींतही लैंगिक प्रजनन होते, हे २००५ मध्ये दाखवले गेले.

‘अलैंगिक’ हे विशेषण मात्र जपून लावावे. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस अलैंगिकच मानली जात होती, २००९ मध्ये तिचे लैंगिक चक्र सापडले. पेनिसिलिन देणाऱ्या पेनिसिलियमचे २०१३ मध्ये. त्यामुळे अशा कवकांबद्दल ‘अलैंगिक कवक’ न लिहिता ‘लैंगिक अवस्था अद्याप न आढळलेले कवक’ लिहावे. चार शब्द जास्त लागले तरी चालतील.