पहिली पावती स्टाफरूममध्ये

पोरी,

तुझा मेसेज रात्री दीडला आलेला, मी सकाळी वाचला आणि चहा तसाच राहिला. "सर, डीननी हॉस्टेलमधल्या सिगारेट ओढणाऱ्यांची यादी मागितलीय, त्यात माझी रूममेट आहे, देऊ का?" नको देऊस. एवढं उत्तर पुरे होतं खरं तर, पण खाली तू असंही लिहिलंयस की मग कॉलेजच्या धूम्रपानबंदी कमिटीत राहून उपयोग काय, राजीनामाच देते. म्हणून हे पत्र.

कॅम्पसवर धूर नको हे मी तुला पटवायची गरज नाही. लायब्ररीमागे झाडणाऱ्या मावशी पेव्हर ब्लॉकच्या फटीतली थोटकं काडीनं उकरून काढतात, खराट्यानं ती निघतच नाहीत, हा फोटो तूच मला पाठवला होतास. नियम हवाच. प्रश्न आहे सुरुवात कुणापासून करायची, आणि इथं मी हटून सांगणार, पहिली पावती स्टाफरूममध्ये फाटली पाहिजे. हॉस्टेलमध्ये नाही, कट्ट्यावर नाही. स्टाफरूममध्ये.

मी हे चुकीच्या बाजूनं करून बसलोय. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर 2001 मध्ये सुप्रीम कोर्टानं शिक्षणसंस्थांत, दवाखान्यांत धूम्रपान बंद करायला सांगितलं, 2003 ला कायदा आला, पण आमच्या तेव्हाच्या कॉलेजात कुणी ढुंकून बघितलं नाही. 2 ऑक्टोबर 2008 पासून नवे नियम लागू झाले तेव्हा कुठे गेटवर बोर्ड लागला, पावतीपुस्तक आलं, दोनशे रुपयांपर्यंत दंड, आणि मी कमिटीचा सेक्रेटरी, अंगात नुसता उत्साह. हॉस्टेलच्या गच्चीवर सेकंड इयरचा एक पोरगा सापडला. दंड घेऊन सोडायचं तर विभागप्रमुख म्हणाले वडिलांना बोलवा, आणि ते पत्र मीच लिहिलं, माझ्या हातानं.

वडील रात्रभर एसटीत बसून आले. गेटवरचा बोर्ड वाचला, खिशातलं विडीचं बंडल आणि काडेपेटी काढून वॉचमनकडे दिली, "जाताना नेतो" म्हणाले. आत विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये त्यांना उभं ठेवून पंधरा मिनिटं संस्कारांवर ऐकवलं गेलं, आणि ऐकवणाऱ्याच्या टेबलावर काचेचा ॲश-ट्रे, त्यात अर्धवट विझवलेली सिगारेट, अजून धूर निघत होता तिचा. वडिलांनी त्या धुराकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघत राहिलो. अशा जागेत ॲश-ट्रे, लायटर ठेवायचासुद्धा नाही हे त्याच नियमांत आहे, मला पाठ होतं. तरी गप्प बसलो. पोरानं महिन्याभरात हॉस्टेल सोडलं, पुढे त्याचं काय झालं हे विचारायचं तोंड मला राहिलं नाही.

चार वर्षांनी प्राचार्य बदलले तेव्हा मी लेखी तक्रार दिली आणि त्यांनी त्या केबिनची पावती फाडली. दोनशे रुपये. त्याच वर्षी माझं प्रमोशन अडलं होतं म्हणून लोक म्हणाले यानं राग काढला, आजही म्हणतात. तसं नव्हतं. तक्रार जानेवारीची आहे, प्रमोशन अडलं जूनमध्ये, कॉपी माझ्या फाईलीत आहे, येशील तेव्हा दाखवतो. मला जे चार वर्षं आधी करायला हवं होतं ते मी तेव्हा केलं, एवढंच. पण त्यानंतर काय झालं ते ऐक, कट्ट्यावरची बरीच पोरं न सांगता उठून गेटबाहेर जायला लागली. चार वर्षं त्यांच्या पावत्या फाडून हे झालं नव्हतं.

आता यादीचं. नियमात यादी कुठेच नाही. जागेवर ओढताना सापडला तर जागेवर दंड, विषय संपला. यादी म्हणजे घरी फोन, आणि मुलाच्या घरी फोन गेला तर ओरडा बसतो, मुलीच्या घरी गेला तर शिक्षण थांबतं आणि स्थळं बघायला सुरुवात होते. तुझी रूममेट कुठल्या घरातून आलीय ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीय.

आणि हे "सगळे मला व्हिलन समजतायत" बंद कर बघू. मित्र स्मोकिंग झोन मागतायत, तोही मिळणार नाही, ती सवलत विमानतळाला, तीस खोल्यांच्या हॉटेलला आणि तीस जणांच्या रेस्टॉरंटला आहे, कॉलेजला नाही. तोंडावर सांग आणि शिव्या खा. टाळ्या मिळतील म्हणून गेली होतीस का कमिटीत?

टपरीचं म्हणशील तर कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत सिगारेट-तंबाखूची विक्री चालत नाही, सुटी सिगारेट तर राज्यात 2020 पासून बंद आहे, तरी तुमच्या गेटसमोर दोरीला लायटर लटकतोच आहे. पोलिसांना, महापालिकेला पत्र द्या, मागे लागा. पण आधी मधल्या सुट्टीत तिथं चहाबरोबर कोण उभं असतं ते बघ. तुमचेच दोन सर असतात. पुन्हा तेच सांगतो, पहिली पावती स्टाफरूममध्ये.

गुरुवारच्या मीटिंगला राजीनामा नेऊ नकोस, हे ने. बोर्डवर तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव लिहावंच लागतं, तुमच्या बोर्डवर ती जागा कोरी आहे, तिथं डीननी स्वतःचं नाव घालावं असं मांड. तक्रार येऊनही इन्चार्जनं काही केलं नाही तर दंड त्यालाच होतो, हे मिनिट्समध्ये लिहून घे. आणि हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर 1800-11-2356 लाव, तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी लाईन आहे, फुकट आहे. रागावतील. मीटिंग झाली की मला फोन कर, कितीही वाजले तरी.

आणि रूममेटला आजच सांग की यादी मागितली होती आणि तू दिली नाहीस. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत.

तुझे सर