अशोकाची साल मुलीला उकळून देण्याआधी

तुम्ही विचारलंय की सोळा वर्षांच्या मुलीची पाळी दहा-दहा दिवस चालते, तर कोल्हापुरात अशोकाची साल कुठं मिळेल आणि काढा कसा करायचा. ताई, सालीचं सांगते, पण आधी उद्या सकाळी तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या.

माझ्या धाकट्या जावेनं आठ महिने हाच काढा घेतला. एखादा महिना बरा जायचा, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. पन्हाळ्यावर चालताना तिला धाप लागली, तेव्हा तपासलं. हिमोग्लोबिन ७. बाईचं १२ च्या खाली जाऊ नये. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. आठ महिने वाया गेले याचं मला अजून वाईट वाटतं, कारण साल मीच आणून दिली होती.

तुमच्या मुलीच्या वयात बहुतेकदा गाठ नसते. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं बीज दर महिन्याला सुटत नाही, त्यानं पाळी लांबते. पण थायरॉइड किंवा रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात दोषही असू शकतो, आणि तो काढ्यानं कळत नाही. तासाला एक पॅड भिजत असेल किंवा चक्कर येत असेल तर वाट बघू नका, थेट सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात न्या.

आता साल. सोसायट्यांच्या कुंपणाला सरळसोट उभा, लाटांसारख्या कडांच्या लांब पानांचा जो 'अशोक' दिसतो, तो औषधातला नव्हे. औषधी तो सीतेचा अशोक, पसरट, नारिंगी-लाल फुलांच्या गुच्छांचा. वाळून तुकडे झाल्यावर दोन्ही साली सारख्याच दिसतात आणि भेसळ सर्रास होते. शिवाय साल सोलून सोलून खरी झाडं कमी झालीत. म्हणून सुटी साल घेऊच नका. द्यायचंच असेल तर तपासण्या झाल्यावर, वैद्यांना रिपोर्ट दाखवून. अशोकारिष्ट, म्हणजे याच सालीचं बाटलीत मिळणारं औषधही मनानं देऊ नका, ते आंबवलेलं असतं, त्यात थोडं मद्य तयार होतं.

घरी काय करता येईल? आळीव भिजवून खीर करा, पालेभाजीवर लिंबू पिळा, जेवणाला लागून चहा देऊ नका, त्यानं अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. हिमोग्लोबिन कमी निघालं तर मात्र खिरीवर भागणार नाही, डॉक्टर देतील त्या लोहाच्या गोळ्या पूर्ण घ्यायला लावा.