शंभर फुटी रस्त्याच्या आतल्या गल्लीत जुने घर घ्यावे का?

आपण विचारले आहे की, सांगलीत विश्रामबागेकडे शंभर फुटी रस्त्याच्या आत एक जुने घर पाहिले, सकाळी गल्ली अगदी शांत वाटली, तर प्रत्यक्ष राहायला गेल्यावर तेथे कोणते त्रास होऊ शकतात. मी त्याच भागातील एका गल्लीत 22 वर्षे राहत आहे. सकाळी अकरा वाजता आमचीही गल्ली शांतच असते. म्हणून ते घर आपण आणखी तीनदा पाहावे: मोठ्या पावसानंतर, लग्नसराईतल्या एखाद्या संध्याकाळी आणि उसाच्या हंगामात रात्री एकच्या सुमारास.

बाहेरगावच्या माणसाला सांगली म्हटले की आधी महापूर आठवतो आणि ते साहजिक आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले होते, आणि तेथील धोका पातळी 45 फूट आहे. आमच्या गल्लीत मात्र नदीपेक्षा पावसाच्या साचलेल्या पाण्याचा आणि खचलेल्या रस्त्याचा त्रास अधिक. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे ड्रेनेजसाठी खोदलेला चर मुरूम घालून नीट न दाबता तीच माती लोटून बुजवला, तर पहिल्याच मोठ्या पावसात तो बसतो. आमच्याकडे असा चर दोन पावसाळे तसाच राहिला. पावसाळ्यात चिखल, आणि दिवाळीनंतर इतकी धूळ की सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर दुपारी बोटाने नाव लिहिता येई. आपण पाहिलेल्या गल्लीत डांबरावर लांबलचक ठिगळ दिसते का, आणि नसल्यास ड्रेनेजचे काम झाले आहे की व्हायचे आहे, हे शेजाऱ्यांना अवश्य विचारावे. मोकळा प्लॉट लागून असेल तर त्याचा मालक कोठे राहतो हेही विचारावे. घंटागाडी चुकलेल्यांचा कचरा तेथेच पडतो आणि थंडीत कोणीतरी तो पेटवतो. उघड्यावर कचरा जाळण्यास 2016 च्या घनकचरा नियमांनी मनाई केली, पण काडी ओढणारा कधीच सापडत नाही.

मंगल कार्यालय जवळ असेल तर फाटकासमोर लावलेल्या गाड्या आणि वरातीचा डीजे हे दोन्ही गृहीत धरावेत. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. तेव्हा 112 वर फोन करता येतो. परंतु गाड्यांच्या बाबतीत आम्हाला फोनपेक्षा व्यवस्थापकाला समक्ष भेटण्याचा उपयोग झाला. आता मुहूर्ताच्या दिवशी त्यांचा रखवालदार कोपऱ्यावर दोरी बांधून उभा असतो.

सर्वांत मोठा त्रास मात्र आम्ही स्वतः मागून घेतला. शंभर फुटी रस्त्यावरील गॅरेजमधली मुले दुरुस्त झालेल्या मोटारसायकलींची ट्रायल आमच्या गल्लीत घेत असत, म्हणून आम्ही सर्वांनी सह्या करून गतिरोधक मागितला, आणि एका रात्री कोठून तरी उरलेले डांबर आणून तो टाकण्यातही आला. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापाप्रमाणे गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच हवा. आमचा जेमतेम एक हात रुंद आणि मापापेक्षा चार बोटे उंच होता. ट्रायली थांबल्या हे खरे. पण हंगाम सुरू झाला आणि मुख्य रस्ता टाळून आतून परतणाऱ्या उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या मध्यरात्री त्यावरून जाऊ लागल्या. भरलेली ट्रॉली निदान दबकत जाते. रिकामीचा फाळका, साखळ्या आणि दोन ट्रॉल्यांमधला हूक असे सगळे एकदम आदळते, आणि त्यावर ट्रॅक्टरवाल्याची गाणी असतात ती वेगळीच.

मग गतिरोधक काढा म्हणून दुसरा अर्ज करायचे ठरले, तेव्हा गल्लीत दोन तट पडले. ज्यांच्या दारात तो होता त्यांना तो नको होता, आणि चार घरे पलीकडे राहणारे म्हणत होते की त्यामुळेच मुले रस्त्यावर खेळू शकतात. शेवटी आम्ही अर्जात तक्रारीचे पाल्हाळ न लावता टेपने घेतलेली मापे लिहिली, गतिरोधक काढण्याऐवजी दोन्ही बाजूंना उतार देऊन तो रुंद करण्याची मागणी केली आणि पोच घेतली. सात महिने लागले. आवाज पूर्ण गेला नाही, तरी आता माझी आई रात्री दचकून उठत नाही.

आपण पाहिलेल्या घराजवळ असा गतिरोधक आहे का, आणि झोपण्याची खोली रस्त्याच्या बाजूला आहे की मागे, हे आपण लिहिलेले नाही. खोली मागे असेल तर किमतीची बोलणी करण्यास माझी हरकत नाही. पुढे असेल तर बयाणा देण्याआधी हंगामातील एक रात्र तेथे काढावी.