कोकरं कोल्ह्यापासून राखायची तर

दादा, पहिलाच हंगाम ना? जमेल. फासा आणि विष मात्र डोक्यातून काढा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने कोल्ह्याला संरक्षण आहे, आणि विष बहुतेकदा आपलाच कुत्रा खातो.

सध्या एवढंच बघा:

- मेंढी व्याली की वार (पिल्लामागून पडणारी झिल्ली) लगेच खोल पुरा. नवखे ती वाड्यामागे फेकतात. कोल्ह्याला आवतणच ते!
- तान्ही कोकरं रात्री डालग्याखाली (मोठ्या टोपलीखाली), वर जड दगड. दगड विसरू नका, मी विसरलो होतो.
- वाघर (वाड्याभोवतीची जाळी) खाली जमिनीला घट्ट टेकवा. उंची वाढवत बसू नका, कोल्हा खालची फट शोधतो.

तरीही कोकरू गेलं, तर ४८ तासांत वनखात्याला कळवा. पंचनाम्याआधी काही हलवू नका.

कोल्ह्याला बुजवणाऱ्या दिवे-भोंग्यांचं पुढच्या हंगामात बघू.